कुडकुडे मास्तरांचा पाय

आमच्या ह्यांना सगळं गाव ‘कुडकुडे मास्तर’ म्हणतं. ते आम्हाला माहीत नाही असं गावाला वाटतं. वाटू दे बापडं. हे गाडी शिकवतात, आणि ज्या छोट्या गाडीत शिकवतात तिचा हीटर म्हणजे नुसतं नाव. बटण फिरवलं की आतून घरघर येते, जळक्या धुळीचा वास येतो, आणि मग दमेकऱ्याने मारावी तशी एक कोमट फुंकर. तेवढ्याने काय होणार? थंडीत दोन माणसं आत बसली आणि काचा लावल्या की समोरची काच दुधासारखी पांढरी. म्हणून ह्यांचा नियमच होता की कितीही गारठा पडो, दोन्ही खिडक्या चार बोटं उघड्या राहणार. शिकायला येणारी माणसं कानटोप्या आणि हातमोजे घालून यायची, आणि गिअर टाकताना दात वाजवायची. त्यातल्याच कुणीतरी हे नाव ठेवलं.

“आधी काच, मग गाडी,” हे सगळ्यांना सांगायचे. काचेला हात लावला तर ओरडायचे. “हात नाही लावायचा! तेलकट डाग पडतो, मग धुकं तिथेच बसतं. फडकं घ्या.” फडक्याची घडी त्यांच्या मांडीवर कायम. मी त्या फडक्याला सवत म्हणायचे.

गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं होतं की हीटरची नळी गाळाने चोंदलीय, पुढचा सगळा भाग उघडावा लागेल, गाडी ठेवून जा. हे म्हणायचे, आत्ता नको, एकाची परीक्षा आहे. त्याची झाली की दुसऱ्याची. परीक्षा काय, संपतात होय कधी? मी बोलून बोलून थकले, पण हलतील तर शपथ.

आता ह्यांचा स्वभाव सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हा माणूस जन्माचा भित्रा. नवरा आहे म्हणून काही मी पांघरूण घालणार नाही. गॅस बंद केलाय का ते तीनदा बघतील, कुलूप ओढून बघतील, रस्त्याच्या कडेला कुत्रं दिसलं की ते आता आडवं येणार असं धरून चालतील. आणि ही सगळी भीती उतरलेली कुठे, तर उजव्या पायात. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरने तो दाबला की चालवणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही खाली जातो, दोन्ही एकमेकांना जोडलेले. जन्मभर त्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेला माणूस. बसमधे बसले तरी पाय दाबतात. टीव्हीवर कुणी गाडी जोरात मारली तरी सोफ्यावर बसून पाय दाबतात. झोपेतसुद्धा ब्रेक मारतात. माझ्या पोटरीला विचारा.

मला त्यांनीच शिकवलं. घरची म्हणून दुसरी गाडी कधी घेतलीच नाही. कुठेही जायचं झालं की मी चालवणार आणि हे शेजारी, मांडीवर फडकं आणि पाय ब्रेकवर. स्टेअरिंगवर बसायची त्यांची सवयच गेली होती. आणि मी? मी फार छान गाडी चालवते, असा माझा समज होता. जावेला तर मी ऐकवायचे, “मी ब्रेकला नुसता पाय टेकवते गं, गाडी लोण्यासारखी थांबते.” जाऊबाई गप्प बसायच्या. मला वाटायचं, जळतात.

त्या हिवाळ्यात आमची ठमी पोटुशी होती. ठमी म्हणजे आमची एकुलती एक लेक. खरं नाव वेगळं, पण घरात तिला त्या नावाने कुणी हाक मारली तर ती स्वतःच वळून बघायची नाही. जावई जहाजावर, म्हणून ती आमच्यापाशीच. बाळ पायाळू होतं, पाय खाली आणि डोकं वर. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, “हिचं ऑपरेशनच करायचंय, तारीख दिलीय. पण त्याआधी पाणी गेलं किंवा कळा आल्या तर घरी एक मिनिट थांबायचं नाही. तिला आडवं ठेवायचं आणि थेट इथे आणायचं.” मोठं हॉस्पिटल टेकडीच्या पलीकडे, खाली नदीपाशी. ह्यांनी ते ऐकलं आणि त्या दिवसापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

तारखेला अजून अवकाश होता. दुपारची वेळ, बाहेर पाऊसही नाही आणि बर्फही नाही असं काहीतरी घाण पडत होतं. मी भांडी आवरत होते. आतून ठमीची हाक आली, “आई, गादी ओली झाली.” एवढंच. पण आवाज असा होता की हातातलं भांडं तसंच टाकून मी आत धावले.

अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी दुसऱ्या गावाला गेलीय, आली की पाठवतो, म्हणाले. कधी येईल? सांगता येत नाही. टॅक्सीवाल्याने हवा बघून फोनच उचलला नाही. हे दारात उभे, चेहरा पांढराफटक, हातात किल्ली. “मी चालवतो,” म्हणाले. मला नवल वाटलं, पण वाद घालायला वेळ कुणाला होता? ठमीला घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवी केली, पाय मुडपून, कारण त्या गाडीत आडवं व्हायलासुद्धा जागा नाही. हे स्टेअरिंगवर बसले. गाडी सुरू केली, बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. मी बघितलं तर हात लटलट कापत होते. आख्ख्या गावाला गाडी शिकवलेला माणूस, आणि त्याला क्लच सोडता येईना.

“उठा,” मी म्हटलं. “तिकडे बसा, तुमच्या जागेवर.”

लगेच उठले. शेजारी येऊन बसले, पाय ब्रेकवर गेला, आणि हातांचं थरथरणं थांबलं. मग मलाही धीर आला. खोटं कशाला बोलू, तो धीर त्यांच्या पायाचाच होता.

निघालो. खिडक्या नेहमीसारख्या चार बोटं उघड्या. टेकडीची चढण लागली तसा वारा सुरीसारखा आत घुसायला लागला. मागे ठमीचे कपडे ओलेच होते, बदलायला सवड कुठली मिळाली होती? तिचे दात वाजत होते. आधी मला वाटलं काहीतरी सैल झालंय गाडीत, टकटक टकटक. मग कळलं, ते तिचे दात.

“बाबा,” ती म्हणाली, “खूप थंडी वाजतेय हो.”

ह्यांनी मागे वळून बघितलं. तिचे ओठ निळे पडले होते. आणि मग ह्यांनी काय करावं? खिडकीची काच वर केली. पूर्ण. माझ्या अंगावरून हात घालून माझ्या बाजूचीही काच वर केली. बाहेरची हवा बंद करायची एक दांडी असते, ती आत येणारी हवा आतल्या आत फिरवते. त्या दांडीला मी हात जरी लावला तरी एरवी अंगावर यायचे. ती त्यांनी स्वतः सरकवली. हीटर पुरा फिरवला. “आत्ता ऊब येईल हं, बाळा. आत्ता येईल.”

ऊब कसली येतेय! ठमीला कळ आली. दवाखान्यातल्या सिस्टरने तिला शिकवलं होतं, कळ आली की तोंडाने लांब श्वास सोडायचा. ती बिचारी शिकवल्याप्रमाणे करत होती, फू… फू… आणि तिच्या एकेका श्वासासरशी काच पांढरी होत होती. ओले कपडे, ओली घोंगडी, तीन माणसांचे श्वास, सगळं त्या काचेवर येऊन बसलं. मी म्हटलं, “अहो, फडकं!” त्यांनी पुसलं. पुसलेलं हातभर दिसलं आणि डोळ्यांदेखत परत मिटलं. वायपर बाहेरून वेड्यासारखे फिरत होते, पण धुकं आतून. मला रस्ता दिसेना, कडेचा कठडा दिसेना. समोर नुसता एक पिवळा ठिपका, आणि तो मोठा होत चाललेला. मग एवढ्या मोठ्याने हॉर्न वाजला की माझी बोबडी वळली.

माझ्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली गेला. गाडी जागच्या जागी थांबली. शेजारून एक ट्रक गेला, इतका जवळून की आमचा आरसा मिटला. कोण चुकीच्या बाजूला होतं ते आजही मला माहीत नाही. बहुतेक आम्हीच.

ठमी हुंदके देत होती. मी खरं सांगते, मला पोरीचं काही सुचत नव्हतं, मला फक्त दार उघडून पळून जावंसं वाटत होतं.

“काचा खाली करा,” मी ओरडले. “ती दांडी सरकवा! जगाला सांगता ना, आधी काच? मग आज काय अक्कल गहाण टाकलीत?”

“तिला थंडी…” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. काचा बंद ठेवल्या तर दिसत नाही आणि उघड्या ठेवल्या तर पोर गारठते. दोन्हीकडून मरण. चढण संपत आली होती, पुढे उतार, वळणांचा, थेट नदीच्या पुलापर्यंत.

मग त्यांनी दांडी सरकवली. आपल्या बाजूची काच खाली केली. चार बोटं नाही, पार खाली. माझीही करायला लावली. कोट काढला, स्वेटर काढला, शर्ट काढला, अंगात नुसता बनियन. आणि दार उघडून खाली उतरले.

“कुठे निघालात?” मला वाटलं, माणूस भीतीने वेडा झाला.

“मागे,” म्हणाले. “हीटर नाही ना. मीच बसतो तिच्यापाशी.”

मागच्या दारातून आत शिरले, ठमीचं डोकं मांडीवर घेतलं, तिचे ओले कपडे ओढून काढले, शर्ट, स्वेटर, कोट तिच्या अंगावर घातले आणि वरून तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. लहानपणी ती तापली की असेच घेऊन बसायचे. तिच्या डोक्याला गुंडाळलेल्या शालीचं टोक तोंडापुढे धरलं. “शालीत फुंक, बाळा. काचेकडे नको. आईला दिसू दे.”

मी गाडी सुरू केली. काच कडेकडेने मोकळी होत होती, आधी खाली एक पट्टी, मग वाढत वाढत हातभर. दिसायला लागलं. हुश्श केलं. आणि नेमका तेव्हाच उतार लागला.

पहिल्या वळणाला मी ब्रेकवर पाय टेकवला, नेहमीसारखा. गाडी थांबायचं नाव घेईना. मी पाय तसाच ठेवून वाट बघितली, कारण एरवी माझा पाय टेकला की ब्रेक आपला आपण खाली जायचा, लोण्यासारखा. आज तो दगडासारखा जागेवर. वळण जवळ येतंय, गाडी वेग घेतेय, कठड्याचे पांढरे दगड मोठे होतायत. मला वाटलं ब्रेक गेले. मी किंचाळले, “अहो, ब्रेक लागत नाहीये!”

मागून ह्यांचा आवाज आला. ओरडले नाहीत. शिकवताना बोलतात तसंच बोलले.

“लागतोय. दाब. अजून दाब, पूर्ण. माझा पाय नाहीये तिथे.”

मी शेजारी बघितलं. रिकामी सीट, पुढे रिकामा ब्रेक, त्याच्यावर पडलेलं फडकं. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. इतकी वर्षं गाडी मी थांबवतच नव्हते! सिग्नलला, वळणावर, गायीम्हशीपुढे, पोरांपुढे, दरवेळी थांबवत होते ते हे. मी नुसता पाय टेकवत होते आणि जावेपुढे मिरवत होते.

जोर लावून दाबला. दोन्ही गुडघे लावल्यासारखा. मागची चाकं सरकली, गाडी तिरपी झाली, कठड्यापासून हातभर अलीकडे वेग मोडला. आईशप्पथ, त्या क्षणी कुणी “सोड आणि पळ” म्हटलं असतं तर मी पळाले असते.

“छान,” मागून आवाज. “आता सोड. हळू. पुढच्याला आधीच दाब.”

“तुम्हाला दिसतंय का तिथून?”

“नाही. तुझा अंबाडा दिसतोय फक्त.”

मग कितीतरी वळणं आली. मोजायच्या मनःस्थितीत कोण होतं? प्रत्येक वळणाला मी घाबरले, एकही सुटलं नाही. पाऊस खिडकीतून आत येत होता, माझा उजवा कान बधिर, बोटं स्टेअरिंगवर चिकटलेली. काच मधेच पांढरी व्हायची, मग मी डोकं खिडकीतून बाहेर काढून बघायचे. मागे ठमी शालीत फुंकत होती, आणि हे तिला सांगत होते, “आई किती छान चालवतेय बघ,” आणि त्यांचे दात इतके वाजत होते की शब्द तुटत होते. आरशात एकदा बघितलं. त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. आणि उजवा पाय, माझ्या सीटच्या पाठीला लावून, प्रत्येक वळणाला दाबत होते. मला पाठीत कळत होतं.

पूल आला. पलीकडे हॉस्पिटलचं फाटक. मी थेट दारात नेऊन गाडी उभी केली. ब्रेक इतका दाबला की पाय तिथून उचलता येईना. सिस्टर धावत आल्या, ठमीला स्ट्रेचरवर घेतलं, एक जण म्हणाली, “बाळाचा पाय लागतोय हाताला, चला, चला!” आणि दारं लागली.

हे बाहेर बाकावर बसले. बनियनवर. अंग काकडलेलं, ओठ काळे पडलेले. कुणीतरी चादर आणून दिली तर ती हातात धरून बसले, पांघरायचं सुचेना. मी त्यांच्या खांद्यावर टाकली. माझ्या मनात एकच चालू होतं, आपण त्या ट्रकपाशी जो वेळ घालवला, तोच कमी पडला तर? त्यांच्याही मनात तेच असणार, कारण मधेच म्हणाले, “काचा मी लावल्या.” मी म्हटलं, “गप्प बसा.” दुसरं काय म्हणणार? तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. वैऱ्यावरही येऊ नये.

मग दार उघडलं. डॉक्टरीणबाई आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला. मी त्यांच्या तोंडाकडे बघेना, त्यांच्या बुटांकडे बघत होते.

“मुलगी आहे,” त्या म्हणाल्या. “दोघी ठीक आहेत. अजून थोडा उशीर झाला असता तर मी असं म्हणू शकले नसते.”

हे उभे राहिले, आणि भिंतीला धरून परत खाली बसले.

ठमीला घरी न्यायच्या दिवशी हे सकाळीच गॅरेजमधे जाऊन बसले होते. गाडी आधीच सोडली होती तिथे, पुढचा सगळा भाग उघडायला. कुणाची परीक्षा होती, ती राहिली. मी गाडीत बसले तर आत काय ऊब, जणू उन्हात वाळत घातलेलं पांघरूण! काच आरपार स्वच्छ. खिडक्या बंद, आणि तरी स्वच्छ. ठमी मागे बसली, कुशीत आमची नात, मुठी वळून झोपलेली. मी स्टेअरिंगवर.

हे शेजारी आले. बसले, दार लावलं. मला वाटलं, चला, आता पाय आपल्या जागेवर जाणार. मनातून मला ते हवंच होतं. पण ह्यांनी वाकून बूट काढले, सीटवर दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घातली. एवढ्याशा सीटवर. गुडघा माझ्या गिअरला लागत होता.

“हे काय?”

“काही नाही. चल.”

टेकडी चढलो. माथ्यावरून गावाकडचा उतार सुरू झाला, इकडेही तशीच वळणं, तसेच पांढरे दगड, आणि मागे तो एवढासा जीव. मी ब्रेकवर पाय ठेवला आणि सवयीने क्षणभर थांबले. ब्रेक खाली गेला नाही. मग मीच दाबला. गाडी हळू झाली, वळली, सरळ झाली.

मी ह्यांच्याकडे चोरून बघितलं. नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले, दोन्ही हातांनी स्वतःचाच उजवा पाय मांडीत गच्च दाबून धरलेला. कपाळावरून घाम ओघळत होता.

“फार लागतोय गं हा हीटर,” ते म्हणाले.